हाताला गुण

"त्यांच्या हाताला गुण आहे हो." हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. फॅमिली डॉक्टरबद्दल, गावाकडच्या हाडवैद्याबद्दल, आणि हल्ली आमच्या ऑफिसच्या कॅंटीनमध्ये आपापल्या फिजिओथेरपिस्टबद्दल. (मान, कंबर आणि मनगट या तीन अवयवांवर आपण आयटीवाले एका अख्ख्या व्यवसायाला पोसतो आहोत, तेव्हा हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा म्हणायला हरकत नाही.) मला या वाक्याची गंमत वाटते ती अशी, की त्यात गुण औषधाला नाही, पद्धतीलाही नाही, हाताला आहे. म्हणजे तेच तेल आणि तेच चोळणं दुसऱ्याने केलं तर गुण येईलच याची खात्री नाही, हे बोलणाऱ्याने आधीच मान्य करून टाकलंय.

वैद्यकीय संशोधन गेली जवळजवळ अडीचशे वर्षं याच प्रश्नाशी झटापट करतंय. गुण आला तो कशाचा? उपचाराचा, की उपचार करणाऱ्याचा? गोळ्यांच्या बाबतीत याचं उत्तर काढायची बरी युक्ती सापडली. हाताने करायच्या उपचारांच्या बाबतीत मात्र ती युक्ती चालत नाही, आणि का चालत नाही ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जायला हवं.

तर मंडळी, पॅरिस, १७८४. फ्रान्झ मेस्मर नावाचा डॉक्टर सहा वर्षांपूर्वी व्हिएन्नाहून येऊन इथे स्थिरावला होता. त्याचं म्हणणं असं की सगळ्या विश्वात एक अदृश्य द्रव भरलेला आहे, शरीरात त्याचा प्रवाह अडला की आजार होतो. उपचार काय? रुग्णासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, डोळ्यात डोळे घालायचे, पोटावर आणि अंगावर हात दाबायचे, फिरवायचे. रुग्णांना झटके यायचे, कुणी रडायचं, कुणी बेशुद्ध पडायचं, आणि मग बरं वाटायचं. उमराव घराण्यातल्या बायकांची रीघ लागली. शेवटी सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. समितीतली नावं बघा: बेंजामिन फ्रँकलिन (तेव्हा तो अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिसजवळ पासी गावात राहत होता), रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए, खगोलशास्त्रज्ञ बायी, आणि डॉक्टर गियोतँ, ज्याचं नाव पुढे गिलोटिनला मिळालं. त्याच गिलोटिनखाली बायी १७९३ मध्ये आणि लाव्हाझिए १७९४ मध्ये गेले, पण ती वेगळी गोष्ट.

मेस्मर स्वतः चौकशीला तयार झाला नाही. त्याचा शिष्य देस्लोँ झाला. फ्रँकलिनच्या बागेत त्याने जर्दाळूचं एक झाड 'चुंबकित' केलं. मग त्यानेच निवडून आणलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेण्यात आलं. पहिल्याच झाडाला मिठी मारल्यावर मुलाला घाम सुटला, पुढे पुढे त्रास वाढत गेला, आणि चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला. जर्दाळूचं झाड या चारांत नव्हतंच, ते लांब उभं होतं! देस्लोँने खुलासा दिला, की सगळ्याच झाडांमध्ये थोडाफार चुंबकत्वाचा अंश असतो. यावर समितीने विचारलं, असं असेल तर नाजूक प्रकृतीच्या माणसाला बागेत फिरायला जाणंच धोक्याचं नाही का?

डोळ्यांवरच्या या पट्टीवरूनच पुढे 'ब्लाइंड' चाचणी हा शब्द रुळला. पण इथे पट्टी फक्त रुग्णाच्या डोळ्यांवर होती हे लक्षात ठेवा. उपचार करणाऱ्याचे डोळे उघडेच होते.

पुढची गोष्ट मला याहून जास्त आवडते. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या एलिशा पर्किन्स या डॉक्टरने १७९६ मध्ये दोन छोट्या धातूच्या काड्यांचं पेटंट घेतलं. दुखऱ्या भागावरून या काड्या ओढत न्यायच्या की दुखणं पळालंच. त्याच्या मुलाने इंग्लंडमध्ये त्या पाच गिनीला जोडी अशा विकल्या. पर्किन्स भामटा होता असं म्हणणं सोपं आहे. पण १७९९ मध्ये न्यूयॉर्कला पीतज्वराची साथ आली तेव्हा हा माणूस आपलं दुसरं एक औषध घेऊन तिथे रुग्णांवर उपचार करायला गेला आणि त्याच तापाने मेला. भामटे सहसा असं करत नाहीत. त्याचा विश्वास होता. या सगळ्या इतिहासात मला भामट्यांपेक्षा असे प्रामाणिक लोकच जास्त त्रासदायक वाटतात, कारण भामट्याला पकडता तरी येतं.

त्याच वर्षी इंग्लंडच्या बाथ शहरात डॉक्टर जॉन हेगार्थने लाकडाच्या काड्या करवून घेतल्या, हुबेहूब धातूच्या वाटतील अशा रंगवल्या, आणि पाच रुग्णांवर फिरवल्या. पाचांपैकी चौघांना आराम पडला! दुसऱ्या दिवशी खऱ्या काड्या फिरवल्या, निकाल तोच. १८०० मध्ये त्याने यावर छोटंसं पुस्तक लिहिलं. बहुतेक लोक गोष्ट इथेच थांबवतात. पण हेगार्थने हा प्रयोग पुन्हा करू पाहणाऱ्यांना एक सूचनाही देऊन ठेवली आहे: प्रयोग पूर्ण गांभीर्याने करा, काड्या फिरवताना या उपचाराने कोणकोण कसे बरे झाले त्याच्या कथा रुग्णाला सांगत राहा, नाहीतर गुण येणार नाही. म्हणजे काडी लाकडाची असो की धातूची, ती फिरवणाऱ्याचं वागणं हा औषधाचाच एक घटक आहे, हे १८०० मध्ये कुणीतरी स्वच्छ लिहून ठेवलं होतं.

यानंतर औषधांच्या जगात काय झालं ते पटकन सांगतो. विसाव्या शतकात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, पद्धत पक्की होत गेली. रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी करायची, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी, आणि कुणाला कुठली मिळाली हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. यालाच डबल ब्लाइंड म्हणतात. गोळीचं एक बरं असतं, तिला आपण खरी की खोटी हे सांगता येत नाही.

हाताचं तसं नाही. मणक्याला नेमक्या जागी, नेमक्या दिशेने झटका देणाऱ्या फिजिओथेरपिस्टला आपण काय करतोय हे माहीत असणारच, माहीत नसेल तर तो उपचारच नव्हे. त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली तरी उपयोग नाही, कारण त्याच्या हातांना माहीत आहे. त्यातून दुखणं मोजायचं कसं? कंबरदुखीला रक्ताची तपासणी नाही. 'शून्य ते दहामध्ये किती दुखतंय' हेच विचारायचं. म्हणजे मोजमाप करणारा माणूस रुग्ण स्वतः, आणि तो तर अर्धा तास त्या थेरपिस्टच्या हाताखाली होता.

आपल्या भाषेत सांगायचं तर ज्याने कोड लिहिला त्यानेच टेस्ट करायचा, आणि बग रिपोर्टही त्याच्याच शेजारी बसून भरायचा. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे उत्तर आपण रोज ऐकतो. ते देणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या मशीनवर खरंच चालत असतं. :-)

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या लोकांनी १९९९ मध्ये फिजिओथेरपीच्या चाचण्यांचा पेड्रो नावाचा एक विदासाठा सुरू केला. त्यात प्रत्येक चाचणीला दहापैकी गुण देतात. त्यातला एक गुण रुग्ण ब्लाइंड होता का याचा, एक मोजणारा ब्लाइंड होता का याचा, आणि एक थेरपिस्ट ब्लाइंड होता का याचा. हाताच्या उपचारांत हा शेवटचा गुण जवळपास कुणालाच मिळत नाही. पेपर कितीही चांगला लिहा, एक गुण आधीच गेलेला. बरं, हा गुण जातो म्हणजे नक्की काय बिघडतं, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

ते कळण्यासाठी थेरपिस्टच्या बाजूला काय पणाला लागलेलं असतं ते बघायला हवं. अँड्र्यू टेलर स्टिलने १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथीची घोषणा केली आणि १८९२ मध्ये मिसुरीतल्या किर्क्सव्हिलला शाळा काढली. डी. डी. पामरने १८९५ मध्ये आयोवातल्या डेव्हनपोर्टला हार्वे लिलार्ड नावाच्या कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या पाठीचा मणका दाबला. त्याला ऐकू येऊ लागलं असं पामरचं म्हणणं, आणि त्यातून कायरोप्रॅक्टिक उभं राहिलं. (ऐकण्याची नस कवटीच्या बाहेर येतच नाही, पण असो.) विसाव्या शतकात लंडनचे सिरियाक्स, ऑस्ट्रेलियाचे मेटलँड, नॉर्वेचे काल्टेनबोर्न, न्यूझीलंडचे मॅकेन्झी, प्रत्येकाची आपली पद्धत, आपले कोर्सेस, आपले शिष्य. आजचा थेरपिस्ट यातल्या एखाद्या पद्धतीवर पैसे आणि वीकांत खर्च करून सर्टिफिकेट मिळवतो, ते क्लिनिकच्या भिंतीवर लावतो. मग एखाद्या चाचणीत त्याला सांगतात, या रुग्णाला तुझी पद्धत दे, आणि त्या रुग्णाला दुसरी. दहा वर्षं जावा शिकवलेल्या माणसाला 'आता निष्पक्षपणे डॉटनेटचा डेमो दे' म्हणून सांगा आणि त्याचा चेहरा बघा.

सुरुवातीच्या चाचण्यांनी हा प्रश्न जरा भाबडेपणाने सोडवायचा प्रयत्न केला. १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये कंबरदुखीवरच्या मॅनिप्युलेशनची एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात तुलनेच्या गटाला शॉर्टवेव्ह डायथर्मीचं, म्हणजे शेक देणारं, यंत्र लावलं होतं, पण ते परिणाम होणारच नाही असं जुळवलेलं. रुग्णाला यंत्र लावल्याचं समाधान. पण एका बाजूला माणसाचे हात आणि दुसऱ्या बाजूला खोटं यंत्र! यात फरक दिसला तर तो मॅनिप्युलेशनचा म्हणायचा की हाताच्या स्पर्शाचा? पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, अमेरिकेत बेथेस्डाला सरकारी पुढाकाराने मोठी परिषद झाली. डॉक्टर, ऑस्टिओपॅथ, कायरोप्रॅक्टर सगळे एका छताखाली आले आणि निष्कर्ष निघाला की ठोस काही म्हणायला पुरेसा पुरावा नाही.

मग १९९० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये टॉम मीड आणि सहकाऱ्यांची चाचणी आली आणि तिने बराच धुरळा उडवला. ७४१ रुग्ण, अकरा केंद्रं. निम्मे कायरोप्रॅक्टरकडे, निम्मे रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात. दोन वर्षांनी कायरोप्रॅक्टिकचा गट अपंगत्वाच्या मोजपट्टीवर सुमारे सात टक्क्यांनी पुढे. कायरोप्रॅक्टर मंडळींना आनंद झाला हे सांगायला नकोच. पण आतलं वाचलं तर रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टांनीही बहुतेकांना हातानेच, मेटलँडच्या पद्धतीने उपचार दिले होते. मग ही तुलना नक्की कशाची होती? एकीकडे खाजगी क्लिनिक, उपचारांच्या जास्त फेऱ्या, आणि 'आमच्या धंद्याची इज्जत या चाचणीवर आहे' हे पक्कं ठाऊक असलेला माणूस. दुसरीकडे सरकारी रुग्णालयातला नेहमीचा कामाचा दिवस. मला ही चाचणी वाईट वाटत नाही, रोजच्या जगात काय घडतं ते तिने प्रामाणिकपणे मोजलं. फक्त गुण मणक्याच्या झटक्याला आहे की झटका देणाऱ्याला, हे ती सांगू शकत नाही.

आता कुणी म्हणेल, थेरपिस्टच्या मनात काय आहे याने खरंच इतका फरक पडतो का? तो काही रुग्णाला तोंडाने सांगत नाही. याचं उत्तर हाताच्या उपचारांतून नाही, दुसरीकडून आलं.

१९८५ मध्ये ग्रेसली आणि सहकाऱ्यांचं एक छोटं पत्र लॅन्सेटमध्ये आलं. अक्कलदाढ काढलेले रुग्ण. सगळ्यांना एकच माहिती दिलेली: इंजेक्शनने तुमचं दुखणं कमी होईल, वाढेल किंवा काहीच होणार नाही. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना मात्र एका टप्प्यात माहीत होतं की खरं वेदनाशामक मिळण्याची शक्यता आहे, आणि दुसऱ्या टप्प्यात त्यांना सांगितलेलं की ती शक्यताच नाही. कुठल्या सुईत काय हे त्यांना दोन्ही वेळी माहीत नव्हतं. मग दोन्ही टप्प्यांतल्या फक्त खोट्या इंजेक्शनवाल्या रुग्णांची तुलना केली. डॉक्टरला आशा होती तिथे दुखणं कमी झालं. डॉक्टरला आशा नव्हती तिथे वाढलं. खोटं औषध तेच, रुग्णांना दिलेली माहिती तीच, फरक फक्त डॉक्टरच्या डोक्यातला. तो डोळ्यांतून गेला, आवाजातून गेला की हातातून, कुणास ठाऊक, पण गेला.

आणि मोजणाऱ्याचं म्हणाल तर १९९४ चा नोझवर्दी यांचा पेपर. कॅनडात मल्टिपल स्क्लेरोसिसच्या एका चाचणीत प्रत्येक रुग्णाला दोन न्यूरॉलॉजिस्ट तपासत होते, एकाला उपचार माहीत, एकाला नाही. माहीत असलेल्यांना एका गटात स्पष्ट सुधारणा दिसली. माहीत नसलेल्यांना काहीच दिसली नाही. रुग्ण तेच बरं का! हे सगळे प्रशिक्षित तज्ज्ञ, कुणीही खोटं लिहिलेलं नाही. त्यांना ते खरंच दिसलं.

याच उजेडात २००३ ची लिच्चार्डोन यांची टेक्सासमधली चाचणी वाचा. जुनाट कंबरदुखीचे ९१ रुग्ण, तीन गट: खरं ऑस्टिओपॅथिक मॅनिप्युलेशन, खोटं मॅनिप्युलेशन (हात लावायचा, हालचाली करायच्या, पण उपचार म्हणून नाही), आणि यातलं काहीच नाही. खरं आणि खोटं दोन्ही 'काहीच नाही'पेक्षा सरस ठरले. आपसात मात्र फरक नाही. म्हणजे हेगार्थच्या लाकडी काड्या दोनशे वर्षांनी परत आल्या म्हणायच्या. पण घाईने 'चला, सगळं थोतांड' असं म्हणू नका. खोट्या उपचारातही माणसाचे हात होतेच, आणि ते हात काहीच करत नव्हते असं कोण सांगणार?

इतक्या वर्षांत थेरपिस्टला मात्र कुणी सरळ विचारत नव्हतं, की बाबा रे, तुझा स्वतःचा कल कुठे आहे? बेंजामिन फ्रीडमनने १९८७ मध्ये मांडलं होतं की चाचणी नैतिक ठरायला तज्ज्ञांच्या समुदायात खरोखरचं दुमत असलं म्हणजे पुरे, प्रत्येक डॉक्टर मनाने तटस्थ असायलाच हवा असं नाही. गोळ्यांसाठी हे ठीक. २०११ मध्ये चॅड कुक या अमेरिकन फिजिओथेरपिस्टने एका सहकाऱ्याबरोबर लिहिलं की हाताच्या उपचारांत एवढ्याने भागत नाही, प्रत्येक थेरपिस्टचा वैयक्तिक समतोलही हवा, कारण इथे औषध त्याच्याच हातातून जातं.

नुसतं लिहून ते थांबले नाहीत. २०१३ मध्ये कुक आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या १४९ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला पहिल्या दोन भेटींत झटक्याचं मॅनिप्युलेशन, दुसऱ्याला बिनझटक्याचं, हळूहळू हलवण्याचं. आणि थेरपिस्टांचा कल कुठल्या पद्धतीकडे आहे हेही नोंदवलं. निकाल असा की दोन पद्धतींत फरक सापडला नाही, पण थेरपिस्टच्या कलाचा निकालावर परिणाम दिसला. विचार करा, 'झटका बरा की बिनझटका' यावर किती परिषदा झाल्या, किती कोर्सेस विकले गेले. त्यातल्या जुन्या चाचण्यांमध्ये जिंकलेली पद्धत आणि थेरपिस्टांची लाडकी पद्धत एकच होती का, हे आता तपासायची सोय नाही. तो कॉलमच कुणी टेबलमध्ये ठेवला नव्हता.

यावर एक सुचवलेला उपाय म्हणजे रुग्णांऐवजी तंत्राचं वाटप थेरपिस्टच्या आवडीने करायचं. ज्याचा ज्या पद्धतीवर विश्वास आणि हात बसलेला, त्याने तीच द्यायची, आणि रुग्णाची चिठ्ठी थेरपिस्टच्या नावाने काढायची. २००५ मध्ये डेव्हरो आणि इतरांनी शस्त्रक्रियांच्या संदर्भात याचा जोरदार पुरस्कार केला. दोन्ही बाजूंना विश्वास सारखा होतो हे खरं, पण मग तंत्र आणि माणूस एकमेकांत असे मिसळतात की वेगळे काढता येत नाहीत. एक बग बंद, दुसरा उघडा.

मला स्वतःला जास्त शहाणपणाचा वाटतो तो २०१४ चा कॅनडातला प्रयोग. अल्बर्टा विद्यापीठात होर्गे फुएंतेस आणि सहकाऱ्यांनी थेरपिस्टचा प्रभाव दडपायचा प्रयत्न सोडून दिला आणि तोच सरळ मोजला. जुनाट कंबरदुखीचे ११७ रुग्ण. उपचार आपल्याकडे फिजिओकडे गेलेल्या सगळ्यांच्या ओळखीचा, आयएफटी, म्हणजे त्या मुंग्या आणणाऱ्या विजेच्या पट्ट्या. निम्म्यांना खरी वीज, निम्म्यांना नाही. आणि या दोन्हींत पुन्हा दोन भाग: एकात थेरपिस्टने जुजबी बोलून, यंत्र लावून खोलीबाहेर जायचं, दुसऱ्यात थांबायचं, विचारपूस करायची, ऐकून घ्यायचं, धीर द्यायचा. सर्वात जास्त आराम अर्थातच खरी वीज आणि विचारपूस दोन्ही मिळालेल्यांना. शून्य ते दहाच्या पट्टीवर तीनहून थोडा जास्त. पण दुसरा नंबर कुणाचा? वीज नसलेल्या, विचारपूसवाल्या गटाचा, २.२. खरी वीज लावून निघून गेलेल्या थेरपिस्टचे रुग्ण तिसरे, १.८.

हातांच्या चाचण्यांत असा चौकोन अजून क्वचितच मांडला जातो, कारण तो मांडायचा तर विचारपूस हा उपचाराचा भाग आहे की अडथळा हे आधी ठरवावं लागतं, आणि त्यावर एकमत नाही. शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी यांसारख्या बिनगोळीच्या उपचारांच्या चाचण्या कशा लिहाव्यात याची आंतरराष्ट्रीय नियमावली, कन्सॉर्टची पुरवणी, २००८ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. उपचार करणाऱ्याची माहिती द्या असं ती सांगते. त्याचं शिक्षण काय, कौशल्य किती, अशा किती केसेस त्याने हाताळल्यात. त्याचा स्वतःचा विश्वास कुठल्या बाजूला होता, हे त्या ओळीत विचारलेलं नाही.